अण्णाच्या वहीच्या पुड्या

साल एकोणीसशे एकोणसत्तर. मला पंधरावं सरून सोळावं लागलेलं. घाटनांदूरला आमचं किराण्याचं दुकान. पुढं दुकान, मागं घर आणि मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं गूळ, हळकुंडं आणि घासलेट यांचा एकात एक मिसळलेला वास, पलीकडं चुलीचा. चौथी पास झाल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पडद्याच्या अलीकडं आणून बसवलं आणि त्यानंतर मी तिथून उठलो न्हाई म्हणलं तरी चालेल. मुलगा म्हणतो, तुम्ही नुसतं सांगा, मी टाइप करतो, भाषाही जरा नीट करतो. नको म्हणलं. चौथी पास माणसाला जेवढं लिहिता येतं तेवढं मी लिहिणार, आणि ज्याला माझी भाषा नीट वाटत न्हाई त्यानं वाचू नये.

आमच्या घरात बोलणं कमी आणि आवाज जास्ती. सकाळी आप्पांची आंघोळ, मग कपाळाला भस्म लावून तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यांची पूजा आणि तिचं पुटपुटणं. मग मायच्या भाकरीची थाप. स्टेशनावर गाडी आली की शिट्टी थेट चुलीपाशी यायची. दुकानात तागडीची साखळी, मापातनं डाळ ओतल्याची सरसर, आणि माझा स्वतःचा आवाज म्हणजे पुडीचा दोरा तोडल्याचा. आढ्याला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं. कागद फाडायचा, मुठीभोवती गुंडाळून कोन करायचा, त्यात साखर न्हाईतर जिरं ओतायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे आणि एक झटका. टक्. माझ्यासारखी पुडी त्या पेठेत कुणाची न्हवती, हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण सांगणारे बाकीचे मेले. माझी पुडी घेऊन माणूस चालत नांदूरघाटला गेला असता तरी जिऱ्याचा दाणा सांडला नसता. आता सगळं पाकिटात बंद होऊन येतं. नातवंडांना पुडी बांधून दाखवली तर मोबाइलात फोटो काढतात.

कागदाला आमच्या घरात एकच शेवट होता. लग्नपत्रिका असो, मागच्या सालचं कॅलेंडर असो, माझी चौथीची वही असो, त्याचं काम झालं की ते दुकानात यायचं आणि गावभर जायचं. माझा थोरला भाऊ मन्मथ, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो, दर उन्हाळ्यात परीक्षा झाली की वर्षाच्या वह्यांचा गठ्ठा स्वतः आणून माझ्यापुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या शेठ, यंदाची विद्या." मी काही बोलायचो न्हाई. गठ्ठा ओढून घ्यायचो आणि फाडायला सुरुवात करायचो.

बोलायचो न्हाई, कारण मी त्याच्याशी बोलतच न्हवतो. मी चौथी पास झालो त्या साली आप्पांच्या गुडघ्यानं दगा दिला. दुकानात एकाला बसणं भाग होतं. अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि वर्गात पहिला. आप्पांनी दोघांना समोर उभं केलं, बराच वेळ दोघांकडं बघितलं आणि मला म्हणले, "वैजू, तू बस." झालं. त्यात अण्णाचा काही गुन्हा न्हवता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलं. पाच वर्षं. घरात राहून पाच वर्षं न बोलणं सोपं न्हाई, त्याला चिकाटी लागते, आणि ती माझ्यात होती. काही सांगायचं असलं तर मी मायला सांगायचो, "माय, त्याला म्हनाव भाकर गार व्हायली." तो समोरच बसलेला असायचा. माय त्याच्याकडं बघायची, तो हसायचा आणि म्हणायचा, "माय, शेठला सांग, आलो."

तो अंबाजोगाईला कॉलेजात होता. शनिवारी यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. शनिवारी माय येसराची, म्हणजे धान्य न् मसाला भाजून दळलेल्या पिठाची, आमटी करायची, ज्वारीच्या भाकरी, वर करडईच्या तेलाची धार, आणि जेवताना अण्णाचं इंग्रजी चालायचं. शब्द न्हवे, तो नेहमी इंग्रजीतल्या म्हणण्याच्या तऱ्हा सांगायचा. इंग्रज लोक एक बोलतात आणि त्यांना भलतंच म्हणायचं असतं, असं त्याचं म्हणणं. एकदा म्हणाला, कुणाचं गुपित बाहेर पडलं की ते लोक म्हणतात, पिशवीतली मांजर सुटली. मायनं तव्यावरची भाकर उलथली आणि विचारलं, "पर मांजर पिशवीत घालायचीच कावून?" अण्णाला ठसका लागला. मलाही हसू आलेलं, ते मी भाकरीच्या तुकड्यासंगं गिळलं. पण तेवढं एक म्हणणं आमच्या घरात राहिलं. शेजारीण यायची चाहूल लागली आणि मायला काही झाकायचं असलं की ती हळूच म्हणायची, "मांजर पिशवीत ठेव रे." गावात दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं.

त्या साली दिवाळी होऊन गेल्यावर एका शनिवारी अण्णा आला तो तापानं अंग मोडत आला. दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवली, फळीला हात टेकला आणि म्हणाला, "वैजू, जरा ऐक बे." मी गूळ जोखत होतो. गूळ जोखून झाला, पुडी झाली, गिऱ्हाईक गेलं. मी ढेपेवरच्या माशा हाकलत राहिलो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि पडद्याआड गेला. त्यानंतर तो मला उभा दिसला न्हाई. ताप डोक्यात गेला म्हणाले. बैलगाडीत घालून स्टेशन, तिथनं गाडीनं दवाखाना, आणि परत येताना आप्पा एकटे पुढं चालत होते आणि मागं चार माणसं त्याला घेऊन.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अण्णाला बसवलं तेव्हा तो अभ्यासाला बसल्यासारखाच दिसत होता. मी कडेला उभा होतो. माझ्या बोटांना गुळाचा चिकटा होता आणि माती त्याला लागत होती, एवढंच मला आठवतं. रडू आलं न्हाई. बायका म्हणाल्या, पोरगं दगड हाय. असेल. पुढचे दिवस मला कापसातनं ऐकल्यासारखे आठवतात. माणसं यायची, बसायची, जायची. माय भाकरी थापायची, पण थाप ऐकू यायची न्हाई. एका दिवशी तिनं येसराची आमटी केली आणि तीत येसरच न्हवता. आम्ही तिघं तीच जेवलो. मला वाटतं, कुणाला कळलंही न्हाई.

स्वामी येऊन विधी करून गेले आणि दुसऱ्या दिवशी आप्पांनी दुकान उघडलं. मी गादीवर बसलो. हात आपोआप चालायला लागले. दोन-तीन दिवसांत रद्दी संपली. पडद्यामागं अण्णाची पत्र्याची ट्रंक होती. मी उठलो, ट्रंक उघडली, वह्यांचा गठ्ठा काढला, आणून माझ्या डाव्या हाताला ठेवला आणि फाडायला लागलो. आता हे वाचणाऱ्याला वाटेल, असं कसं केलंस. दर उन्हाळ्यात मी तेच करत आलो होतो. अण्णाची वही, काम झालं, दुकानात आली. कोणती वही, काय लिहिलंय, हे मी कधीच बघितलं न्हवतं, तेव्हाही बघितलं न्हाई. आप्पा समोर बसून बघत होते. त्यांनीही अडवलं न्हाई. एक जाड पुठ्ठ्याची लांब वही होती, तिचा कागद चांगला होता, तो मी चहाला आणि साखरेला वापरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेतले गुरुजी आले. ते आमच्या गल्लीच्या तोंडाला राहायचे आणि त्यांनीच अण्णाला पहिली इंग्रजी शिकवलेली. त्यांच्या हातात उलगडलेला कागद होता, त्याच्या घडीत चहाची भुकटी अजून होती. आप्पा आत पूजेला बसलेले. गुरुजींनी कागद माझ्यापुढं ठेवला आणि हळू आवाजात म्हणले, "वैजनाथ, हे तू वाचलंस का?"

पानावर वर टाकानं जाड इंग्रजी ओळ होती. तिच्याखाली बारीक मराठी. मी अक्षर लावून वाचलं. ओलं कांबळं. ज्याच्या येण्यानं चार माणसांचं हसणं बंद पडतं असा माणूस. त्याखाली लिहिलेलं, "उदा. आप्पा."

गुरुजींनी सांगितलं ते असं. इंग्रजीतली असली बोलायची वळणं अण्णाच्या लक्षात राहत न्हवती, म्हणून त्यानं युक्ती काढली. प्रत्येक वळणाला घरातलं न्हाईतर गल्लीतलं एक माणूस नेमलं. माणूस डोळ्यापुढं आला की अर्थ आलाच. कॉलेजात जायच्या आधीपासून तो ही वही लिहीत होता आणि कुणाला दाखवत न्हवता, एकट्या गुरुजींना दाखवलेली. मी विचारलं, "माझ्यावर हाय का?"

"असंल की. त्याच्या तोंडात निम्मा येळ तूच असायचास. तुला सोडील व्हय तो?"

मी डाव्या हाताचा गठ्ठा उपसला. त्या लांब वहीची मागची थोडी पानं राहिली होती. एकावर माय होती. जीभ चावणे, म्हणजे म्हणायचं ते गिळून टाकणे, उदा. माय, आप्पांसमोर. एकावर तो स्वतः होता. मध्यरात्रीचं तेल जाळणे, म्हणजे जागून अभ्यास करणे, उदा. मी, तेल मात्र आप्पांच्या दुकानातलं. मी कुठंच न्हवतो. मी होतो ते पान गावात गेलं होतं, माझ्याच हातानं, माझ्याच दोऱ्यानं बांधून.

पाच वर्षांत तो माझ्याविषयी काय म्हणत होता हे मला कधी हवं न्हवतं. आता ते एका कागदावर होतं आणि तो कागद कुणाच्या तरी चुलीपाशी पडला होता. मी उठलो. तेवढ्यात आप्पा बाहेर आले. म्हणले, "कुठं? दुकान उघडं हाय." मी चप्पल घातली. आप्पांना न विचारता दुकानाची पायरी मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरलो.

आमच्या धंद्यात एक असतं. गिऱ्हाईक गेलं तरी ते डोक्यात राहतं. कुणी काय नेलं, किती नेलं, कशात बांधलं, हे मला आजही सांगता येईल, तेव्हा तर तीनच दिवसांची गोष्ट होती. चांगल्या कागदात चहा-साखर नेणारी घरं मी ओळीनं घेतली. काही ठिकाणी पान चुलीत गेलेलं. काही ठिकाणी डब्याखाली घातलेलं मिळालं. कावून पाहिजे, असं ज्यानं विचारलं त्याच्यापुढं मी नुसता हात पसरला. भाऊ मेलाय म्हणून लोकांनी चालवून घेतलं.

गंगाबाईच्या घरी मात्र बसावं लागलं. या आमच्या मागच्या गल्लीतल्या, तोंडानं लई मोठ्या, मनानंही. त्यांच्या पोरीनं पान वाचून भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं. झुडपाभोवती काठी आपटत राहणे, म्हणजे मुद्द्यावर न येता भलतंच बोलत बसणे. उदा. गंगाबाई. पोरीनं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलेलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. गंगाबाईंनी आधी मायची तब्येत विचारली, मग आप्पांच्या गुडघ्याचं, मग यंदा हरभरा कसा न्हाई त्याचं, मग त्यांच्या माहेरच्या, पाली गावच्या कुणाच्या तरी बाळंतपणाचं. मी पान हातात धरून उभा. शेवटी त्याच थांबल्या. पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "बगितलंस का, खरंच लिवलंय मेल्यानं." हसता हसता त्यांचा आवाज गेला. मग मला म्हणाल्या, "ने बाबा. पर वाचून झाल्यावर परत आणून दी. माझ्यावर दुसरं कोन लिवणार हाय?"

दुपारपर्यंत शर्टाच्या आत, पोटाशी, पानांचा गठ्ठा झाला होता. माझं पान त्यात न्हवतं. एकच ठिकाण राहिलं, रशीदचाचांचं. शिंपीकाम करायचे, दुकान आमच्या समोरच, पण सकाळपासून त्यांच्याकडं गेलो न्हवतो, कारण त्यांनी साखर लई थोडी नेलेली. चाचा कोळशाची इस्त्री पेटवत होते. झाकण उघडं, आत जाळ नुकताच बसलेला, त्यावर कोळसे टाकायला हातात चिमटा. मी विचारलं, परवाच्या साखरेचा कागद हाय का. त्यांनी मशीनच्या फळीवर बोट दाखवलं. तिथं अर्धं पान होतं. कात्रीनं सरळ कापलेलं, शिंप्यानं कापावं तसं, रेघ मारल्यासारखं.

खालचं अर्धं. मोकळंच होतं. वरच्या कडेला, कात्रीच्या धारेला लागून, एकच ओळ शाबूत होती.

"उदा. आमचा वैजू."

मी विचारलं, "वरचं?"

चाचांनी इस्त्रीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणले, "आत्ताच टाकला रे बेटा. पेटवायला कागद लागतोय. मला काय मालूम."

मी इस्त्रीत डोकावलो. कागद जळून काळा झालेला, पण मोडला न्हवता. कडेला टेकून उभा राहिलेला, भाकरीचा पापुद्रा उभा राहावा तसा. आणि त्या काळ्यावर अक्षर दिसत होतं. शाई जळून राखाडी झालेली आणि ओळ होती तशी उमटलेली. अर्थाचं बारीक लिखाण वळून आत गेलं होतं. वरची जाड इंग्रजी ओळ मात्र अख्खी माझ्यासमोर होती. मला ती वाचता येत न्हवती. चहाच्या खोक्यावर असतात ती मोठी इंग्रजी अक्षरं मला ओळखता यायची, तीही सगळी न्हाई. ही तर अण्णाच्या चालत्या हातची, एकात एक गुंतलेली. पहिलं तेवढं कळलं. टी. खोक्यावर असतं तेच.

मी इस्त्री उचलली. चाचांनी पुढं होऊन दुकानाच्या दारातली चटई बाजूला ओढली. गुरुजींचं घर सात-आठ घरं पुढं. झाकण उघडंच, दोन्ही हातांनी बूड धरून, इस्त्री छातीपाशी, श्वास आत ओढून मी चालायला लागलो. पळालो न्हाई. पळालो असतो तर ती ओळ तिथंच मोडली असती. मी नजर त्या ओळीवरून काढली न्हाई. समोरून कुणी आलं, बाजूला झालं, कुणीतरी नाव घेऊन हाक मारली. आमच्या दुकानावरून गेलो तेव्हा आप्पा पायरीवर उभे होते, ते दिसले. हाताला चटके बसत होते, ते नंतर कळलं. गुरुजींच्या ओट्यापाशी आलो आणि हाक मारायची म्हणून तोंड उघडलं. सात-आठ घरं कोंडून धरलेला तो श्वास बाहेर पडला, आणि जळकं पान मोडून खाली बसलं.

गुरुजी बाहेर आले तेव्हा इस्त्रीत नुसती राख होती. मी सांगितलं, पहिलं अक्षर टी होतं. त्यांनी वाकून राख बघितली. मग म्हणले, "बाळा, त्याच्या निम्म्या वहीतल्या ओळी टी वरनंच सुरू होतात. असल्या वळणांना इंग्रजीत आधी 'टु' लावतात." मी इस्त्री चाचांना परत नेऊन दिली.

माझी नात ऋतुजा अंबाजोगाईला इंग्रजी शाळेत जाते. सुट्टीत आली की मी तिला विचारतो, इंग्रज लोक अजून काय काय म्हणतात ते सांग. ती मोबाइलात बघून सांगते. तिला वाटतं म्हाताऱ्याला नाद हाय. मी टी वरनं सुरू होणारी तेवढी ऐकतो आणि एकेक स्वतःला लावून बघतो. टु टर्न अ डेफ इअर, बहिरा कान करणे. बसतंय. टु गिव्ह द कोल्ड शोल्डर, थंड खांदा दाखवणे, तुसडेपणा करणे. हेही बसतंय. मग एक दिवस म्हणाली, टु होल्ड द फोर्ट. म्हणजे काय गं? म्हणजे आजोबा, बाकीचे बाहेर गेले की मागं एकट्यानं गड सांभाळायचा. मी त्या दिवशी जेवण झाल्यावर फिरायला गेलो न्हाई. तेही बसतं. सगळीच बसतात, हाच घोळ हाय. तिनं एकदा विचारलं, "आजोबा, तुम्हाला नक्की कोणतं पाहिजे?" मी म्हणलं, "तू सांगत राहा."

एक गोष्ट मी कुणाला बोललो न्हाई, ती इथं लिहून ठेवतो. जमलेली सगळी पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. आप्पांपुढं नुसतं आप्पा हाय. मायपुढं नुसतं माय. गंगाबाई नुसत्या गंगाबाई. 'आमचा' असं एकट्या माझ्यापुढं हाय.

चाचांची इस्त्री परत दिली त्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर मायनं पडद्यामागनं हाक मारली आणि म्हणाली, "काय गोळा केलंस ते वाच." तिला कुणी सांगितलं कोण जाणे, गावच ते. आप्पा भिंतीला टेकून बसलेले. मी खाली बसलो, शर्टातनं पानं काढली आणि वाचायला लागलो. इंग्रजी सोडून द्यायचो, अर्थ आणि माणूस वाचायचो. जीभ चावण्याचं वाचलं तेव्हा माय चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिली. तेलाचं वाचलं तेव्हा आप्पांनी मान हलवली, तेल त्यांना माहीत होतं. मग कांबळ्याचं पान आलं आणि मी ते खाली घालायला लागलो.

आप्पा म्हणले, "वाच."

मी वाचलं. ज्याच्या येण्यानं चार माणसांचं हसणं बंद पडतं. उदा. आप्पा.

मग आप्पा म्हणले, "खरं हाय," आणि हात पुढं केला. मी पान दिलं. त्यांनी ते चार घड्या करून बंडीच्या खिशात ठेवलं आणि पुढचं वाच म्हणले.

सगळी वाचून झाली. अर्धं पान माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी त्यावर हात ठेवला होता हे मला कळलं न्हवतं, मायला कळलं. तिनं माझ्या खिशाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. अण्णा गेल्यापासून तिनं घरात कामापलीकडचा शब्द काढला न्हवता. ताटात भाकर टाकता टाकता ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुझी मांजर तुझ्या पिशवीत ठेव."

मी जेवलो. आमटीत येसर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं दुकान झाडलं, तागडी पुसली, रिळाचा दोरा खाली ओढून ठेवला. आप्पांनी स्टेशनावरच्या हॉटेलातनं जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून माझ्या डाव्या हाताला ठेवला होता, अण्णाच्या वह्या पुन्हा ट्रंकेत गेल्या होत्या. पहिलं गिऱ्हाईक आलं ते गंगाबाईच. पावशेर साखर पाहिजे होती, पण आधी हवा कशी पडलीय ते सांगायला लागल्या. मी साखर जोखली, वरचं पान ओढलं आणि हात फाडायला गेला. मी तो थांबवला. पान गादीवर पसरलं आणि वरच्या ओळीपासून अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. गंगाबाई बोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, "काय वाचायलास रं? मला घाई हाय."

मी म्हणलं, "थांबा जरा." पान पालथं केलं, मागची बाजू वाचली, पार खालच्या ओळीपर्यंत. मग फाडलं.